नंबरकाका आणि लिफ्टचा थांबा

नंबरकाका गाडीच्या दारावर पंजा ठेवायचे आणि तो काढा म्हणायची भल्याभल्यांची छाती होत नसे. आखातातल्या आमच्या हॉस्पिटलात ते ठेकेदाराकडचे प्लंबर, गाव मालवणकडचं. फाटकाबाहेर हॉस्पिटलनेच लिफ्टचा अधिकृत थांबा केला होता. गाडीवाल्यांनी कंत्राटी कामगारांना तिथून त्यांच्या वस्तीपर्यंत, म्हणजे अब्बासियापर्यंत, फुकट न्यावं, जो आधी आला त्याला आधी, असं पाटीवर अरबी, इंग्रजी आणि खाली हिंदीत लिहिलेलं. ते आम्ही कोणीच मनावर घेतलं नव्हतं. काकांनी घेतलं.

मी लॅबमध्ये टेक्निशियन, गाडी नवी कोरी. पहिल्याच दिवशी इस्त्रीच्या शर्टातल्या एका कारकुनाला मी खूण केली, तर दारावर पंजा. रांगेत पहिला गटार उपसून आलेला सफाई कामगार उभा होता.

"साहेब, नंबर ह्याचो आसा. ह्याका घेवा, नायतर रिकामे जावा."

"काका, सीट खराब होईल."

"मग पाटी काय शोभेक लावल्यानी?"

मी धुसफुसत त्याला घेतलं. त्या माणसाने अब्बासियापर्यंत सीटला पाठ टेकवली नाही. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

स्वतः काका कायम शेवटी. भर दुपारच्या उन्हात तास तास उभे. एकदा मी म्हटलं, आज तुम्हीच चला. तर म्हणाले, "मी गेलंय तर हयसर बघतलो कोण?" रांग मोडणाऱ्याला ते मालवणीत शिव्या घालत, आणि त्या समजायला मालवणी यावी लागत नसे.

मग एका बड्या डॉक्टरांच्या गाडीवर तो पंजा पडला. 'प्लंबर गाडीवाल्यांना धमकावतो' असा तक्रारीचा कागद सगळ्या विभागांतून फिरला. धमकी कसली, हॉस्पिटलचाच नियम त्यांनी हॉस्पिटलच्या माणसाला सांगितला होता. हे मला ठाऊक होतं. तरी मी सही केली, कारण बाकीच्यांनी केली होती. असल्या भित्र्या माणसाला काय म्हणावं? आणि मी सही मराठीत करतो बरं का, परदेशात राहूनसुद्धा. त्याची मला कोण फुशारकी.

ठेकेदाराने काकांचं कंत्राट रद्द करून त्यांना गावी पाठवायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी थांब्यावर ते एकटेच होते. मी दार उघडलं. म्हटलं, "बसा काका, आज नंबर तुमचाच."

ते बसले नाहीत.

"ठेकेदारान कागद दाखवल्यान माका," ते शांतपणे म्हणाले. "सगळ्यांच्यो सह्यो इंग्रजीत नि अरबीत. तुमची तेवढी वाचूक इली."