बास्केटबॉलच्या मध्यंतरात झालेला ठराव

आमच्या नेब्रास्काच्या गावात शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायला दोन गुण लागतात, कारण तो विषय बहुधा खेळाच्या कोचकडेच जातो. शिट्टी वाजवता आली पाहिजे आणि संघ जिंकवता आला पाहिजे. संविधान वगैरे ओघाने येतं. मर्ना व्हावराबाईंकडे शिट्टी नव्हती. तरी बारावीला नागरिकशास्त्र शिकवताना त्यांचे केस पांढरे झाले, हा प्रशासकीय दुर्लक्षाचा एक सुंदर नमुना.

बाईंच्या वर्गात कोणालाही बोलायला तीनच मिनिटं मिळत. टेबलावर अंडी उकडताना लावतात ते कोंबडीच्या आकाराचं घड्याळ असे. कोंबडी वाजली की वाक्य तोंडात तसंच ठेवून खाली बसायचं. शाळेचा कारभार पाहणाऱ्या, गावाने निवडलेल्या शाळामंडळाच्या सभेत नागरिकाला तेवढाच वेळ मिळतो, हे त्यामागचं शास्त्र.

तर त्या शुक्रवारी शेजारच्या गावाशी सामना होता. मध्यंतराला आपण पुढे! क्रीडागृहाचं छप्पर उडायचं बाकी होतं. मंडळाच्या सहा सभासदांपैकी चौघे वरच्या बाकावर पॉपकॉर्न खात होते. त्यांतलाच अध्यक्ष गॅरी स्टुर, म्हणजे टायरच्या दुकानाचा मालक, सामन्याचं निवेदनही करी. तो खाली आला आणि उत्साहाच्या भरात माईकवर ओरडला, "मंडळी, खूशखबर! आत्ताच ठरलं! पुढच्या वर्षी बारावीचं नागरिकशास्त्र आपले कोच घेणार! व्हावराबाई सहावीचा भूगोल बघतील!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई तेव्हा खाद्यपदार्थांच्या खिडकीत शाळेच्या मदतनिधीसाठी हॉटडॉग विकत होत्या. पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी मस्टर्ड जरा जास्तच घातलं.

सोमवारी वर्गात टेस कुबिकने हात वर केला. "बाई, शुक्रवारचं ते चालतं का हो?"

"कोणतं?"

"मंडळातले बहुसंख्य लोक एका बाकावर बसून ठरवून मोकळे. सभेची सूचना नाही, विषयपत्रिका नाही. पॉपकॉर्न तेवढं होतं."

बाईंनी खडू खाली ठेवला. "पुस्तक उघड. तूच सांग."

टेसने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि किंचाळली, "बेकायदा आहे!" वर्गाने बाकं बडवायला सुरुवात केली. "बाई, आम्ही सभेत जाणार!"

"जा. पण माझ्या नावाने गळा काढलात तर गुण कापीन. कायद्याचं बोला."

सभेला खानावळीतल्या खुर्च्या आणाव्या लागल्या. एरवी सभेला मंडळ आणि एक पेंगणारा वार्ताहर असतो. टेसने उभं राहून सभेच्या सूचनेचं कलम वाचून दाखवलं.

"अगं पोरी, आम्ही नुसत्या गप्पा मारत होतो," गॅरी म्हणाला.

"काका, गप्पा माईकवरून जाहीर करता?"

खसखस पिकली. मंडळाचा वकील गॅरीच्या कानात काहीतरी बोलला आणि गॅरीचे कान लाल झाले. "बरं, बरं! मग आता इथेच ठरवू, सगळ्यांदेखत!"

एवढ्यात कोच उठले. "गॅरी, मला कोणी विचारलं का? मी बारावीला काय शिकवू, बास्केटबॉलचा झोन डिफेन्स?"

आता हशा आवरेना. मतदान झालं. बाकावरच्या चौघांतला एक फुटला; बाजूने तीन, विरुद्ध तीन. मागच्या रांगेत बाईंनी पर्स घट्ट धरली होती.

गॅरीने कागद चाळले, वकील शोधला. तो पाणी प्यायला गेला होता. शेवटी त्याने मागे पाहिलं. "बाई... मतं बरोबरीत आली की काय होतं हो?"

स्वतःच्या नोकरीवर स्वतः निर्णय सांगणं बाईंच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी फक्त वर्गाकडे पाहून भुवया उंचावल्या.

"ठराव पडतो!" सगळी रांग एका सुरात ओरडली, आणि टाळ्यांनी खिडक्या हादरल्या. कोच शिट्टी वाजवत सुटले.

गॅरी घाम पुसत म्हणाला, "बाई, मी बारावीत असताना हे तुम्ही आम्हाला कधी शिकवलंच नाहीत."

"शिकवलं होतं, गॅरी. हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला त्या दिवशी, अर्धा वर्ग शाळा बुडवून रानात होता तेव्हा. तू कुठे होतास?"