न पुसलेली पाटी

हन्नाबाईला वाचता येत नाही, हे शिरूरच्या आमच्या मिशन कंपाउंडात कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळकसाहेबांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेला ती शास्त्राचं पुस्तक मांडीवर उघडायची, ओळीखाली बोट फिरवायची आणि अख्खं स्तोत्र म्हणायची, एक शब्द न चुकवता. बायका म्हणायच्या, वाचावं तर हन्नानं. देऊळ, म्हणजे आमचं चर्च, झाडणं, बाकं पुसणं, रविवारी घंटा वाजवणं आणि गीतांचे आकडे फळीवर लावणं ही तिची कामं. आकडे तिला येत. अक्षरं नाहीत. नवरा शलमोन वारलेला, पदरात सात वर्षांची रूथ.

ही रूथ माझ्या वर्गात होती. साल सत्तावन्न. मी नुकतीच बी.ए. होऊन पहिलीवर शिकवायला आले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पोरगी आदल्या वर्षी नापास झालेली. मी तिच्या पाटीवर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘मुलीचा घरी अभ्यास घ्यावा’, आणि आईला दाखव म्हटलं. तीन दिवस ती तीच पाटी घेऊन येत राहिली.

“अगं, पुसत का नाहीस? लिहिणार कशावर?”

“आई म्हनती, बाईंचं हाय, पुसायचं न्हाई.”

मला वाटलं, नाटकं करते. एक धपाटा घातला आणि पाटी मीच पुसली. वर बजावलं, “आईला सांग, रोज धडा वाचून घ्यायचा.”

नाताळला न्हावऱ्याहून हन्नाबाईचा थोरला दीर विल्यम आला. शलमोनच्या मागे त्या घरात त्याचाच शब्द चाले. पोरीची हकीकत ऐकून तो म्हणाला, “दोन वरसं एकाच जागी थांबायला ती काय मुक्कामाची यष्टी हाय व्हय? औंदा पास झाली तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर मे म्हयन्यात न्हेतो. माझी ल्हान पोरं तरी सांभाळंल.”

“व्हईल पास, भावजी,” हन्नाबाई म्हणाली.

नाताळनंतर रूथ एकदम सुधारली. धडा काढला की घडाघडा. मी तिला पुढच्या रांगेत बसवलं आणि मनात स्वतःचीच पाठ थोपटली.

परीक्षा दहा दिवसांवर आली तेव्हा मी पुस्तक सहज मध्येच उघडलं आणि ‘शेळी पाला खाते’ या ओळीवर बोट ठेवलं. रूथनं माझं बोट हलकेच उचललं आणि पानाच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. तिथून तिला सगळं येत होतं. मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर नुसतं ‘पाला’ लिहिलं. पोरगी फळ्याकडे बघत राहिली.

शाळा सुटल्यावर मी तणतणत देवळात गेले. “हन्नाबाई, ही घरी वाचायला शिकते की पोपटपंची?”

ती बाक पुसत होती. फडकं तिनं पिळलं, पुन्हा पिळलं. पाण्याचा थेंब निघेना तरी पिळत राहिली.

“तुमच्या वर्गाभाईरचा व्हरांडा मीच झाडती ना बाई. पोरं म्हंत्यात ते ऐकती. सगळं पुस्तक पाठ हाय मला. तेच तिला दिलं. माझ्यापाशी दुसरं हाय काय?”

“म्हणजे तुम्हाला...”

“हळू बोला. पाळकसाहेब आत हायेत.” मग अगदी खालच्या आवाजात, “बाई, पाटीवर काय लिवलं हुतं वो तुमी?”

मी सांगितलं.

“येवढंच?” तिनं फडकं बाकावर टाकलं. “मला वाटलं, काढून टाकली पोरीला.”

दहा दिवस मायलेकी माझ्या खोलीवर येत होत्या. दोघींनाही शिकवणं भाग होतं. घरी सराव कोण घेणार? खरा शत्रू निघाला पाठांतर. शब्दाचं पहिलं अक्षर दिसलं रे दिसलं की दोघींच्या तोंडून अख्खी ओळ बाहेर पडे. मी ओरडायची, “गप्प! आधी बघा!” शेवटी पुस्तक कपाटात टाकलं आणि सुटी अक्षरं घेतली. काना-मात्रेपर्यंत कसेबसे पोचलो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी हन्नाबाईनं माझा हात धरला. “बाई, हेडमास्तरांस्नी येवढं सांगा. पयल्या ओळीपासनं इचारा म्हनावं.”

मी नाही म्हणाले. फार तत्त्वाची होते तेव्हा.

हेडमास्तर प्रभुदास भला माणूस. सगळ्यांसाठी उघडत तसंच त्यांनी पुस्तक मध्येच उघडलं. बाकीच्यांनी पान वाचलं तेवढ्या वेळात रूथनं एक ओळ लावली, तीही घाम पुसत, अर्धवट. नापास.

मे महिन्यात विल्यम तिला घेऊन गेला. पिशवीत हन्नाबाईनं पाटी घातली होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी.

“बाई, म्होरलं शिकवा मला.”

“आता कशाला?” मी फटकन बोलले.

“कार्ड लिवायचंय. पोरीचा घरचा अभ्यास बंद पडाया नगं.”

दर शनिवारी ती कार्ड टाकायची. वर पत्ता माझ्या हातचा, खाली तिचे चार शब्द, आंब्याएवढ्या अक्षरांत. घर. नळ. पाला. शेळी. जून गेला, जुलै गेला, उत्तर नाही. विल्यम बाजाराला आला तेव्हा म्हणाला, “कार्डं येत्यात. उशाखाली ठेवती. वाचाया येळ कुठाय तिला? पोराचं लंगोट धुवायचं का तुमची शेळी वाचायची?”

त्या शनिवारीही हन्नाबाईनं कार्ड टाकलं.

ऑगस्टात एका शनिवारी पोस्टमननं देवळाच्या दारात तिच्या हातात कार्ड दिलं. मी व्हरांड्यात होते. म्हटलं, “आणा, वाचून दाखवते.”

“थांबा बाई.”

तिनं ओळीखाली बोट ठेवलं. या वेळी तोंडून आपोआप काही बाहेर पडलं नाही. ओठ हलत होते, बोट अडत होतं, मागे येत होतं. पाठ नसलेलं असं तिनं जन्मात काही वाचलं नव्हतं.

“आई... मला... ने.”

तिनं पुन्हा वाचलं. मग कार्ड पोलक्यात घातलं आणि देवळाची किल्ली माझ्या हातात दिली.

“उद्या घंटा तुमी वाजवा.”

“विल्यम पाठवेल का तिला?” मी विचारलं. ती स्टँडच्या रस्त्याला लागलीसुद्धा होती.

रविवारी घंटा मी वाजवली, तीही उशिरा. सोमवारी हजेरीत रूथचं नाव पुन्हा घातलं, पण पेन्सिलीनं. शाईनं लिहायचा धीर झाला नाही.