बाधा
फोडणीत लाल मिरची जळाली की मी आजही उठून अंगणात जाते. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होतं. माझी धाकटी बहीण कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. ज्वारीचे दाणे ओळीनं मांडत बसे आणि कुणी काही बोललं की तेच शब्द परत बोले. बाधा आहे म्हणून बाबांनी जवळच्या, वऱ्हाडातल्याच मालेगावहून मांत्रिक आणला. त्यानं भरदुपारी दारं लावली, निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या आणि तिची मान त्या धुरात दाबून विचारलं, "बोल, तू कोन व्हय?" ती खोकत म्हणाली, "बोल, तू कोन व्हय?" "पाहा, भूत मलेच विचारून राह्यलं!" म्हणत त्यानं आणखी मूठभर मिरच्या टाकल्या. आई त्याच्या पायांवर पडली, "पुरे करा जी, सोडा तिले." बहीणही म्हणाली, "पुरे करा जी, सोडा तिले." मांत्रिक खूश झाला, "शरण आलं!" त्यानंतर ती कधीच बोलली नाही. परवा माझ्या नातवाला तपासून डॉक्टर म्हणाले, "याला स्वमग्नता म्हणतात. अशी मुलं ऐकलेलं परत बोलतात, आणि पुष्कळदा तीच त्यांच्या बोलण्याची सुरुवात असते." ती सुरुवात मारून टाकली, म्हणून आमच्या घरानं गावभर गूळ वाटला होता.