वहिनी, शिडी आणि जावयाची माशी

आमच्या वहिनीची उजवी चप्पल डावीच्या कितीतरी आधी झिजायची, आणि तीही टाचेला नाही, पुढे, अंगठ्याखाली. चपलांच्या दुकानदाराने एकदा न राहवून विचारलं, "बाई, एका पायावर नाचता की काय तुम्ही?" वहिनी म्हणाली, "नवऱ्याला वर पाठवते आणि खाली पाय देऊन उभी राहते."

खोटं नव्हतं ते. दादाचं काम छतांचं. कुणाचं छत गळतंय, पाणी नेमकं कुठून आत येतंय, ते वर चढून शोधायचं आणि बुजवायचं. दादा वर, आणि वहिनी शिडीच्या तळाशी, दोन्ही हात शिडीला, उजवा पाय सगळ्यात खालच्या पायरीवर दाबून. लग्न झालं तेव्हा शिडी धरायला माणूस मिळेना म्हणून ती चार दिवसांसाठी गेली, आणि ते चार दिवस काही संपलेच नाहीत. लेक झाली, मोठी झाली, सासरी गेली, तरी वहिनी आपली शिडीपाशी.

उभ्याउभ्या तिची सगळ्या रस्त्याशी ओळख व्हायची. टपालवाला थांबायचा, समोरच्या घरातली म्हातारी खिडकीतून गाऱ्हाणी सांगायची. वहिनी सगळ्यांशी बोलायची, पण हात सोडून नाही. नाकाला खाज आली तर शिडीवरच नाक घासायची. दादाच्या टाचा बघून तिला कळायचं की वर काय चाललंय. टाचा उचललेल्या दिसल्या की ओरडायची, "अहो, हात पुरत नसेल तर उतरा, शिडी सरकवू!" दादा चिडायचा, पण उतरायचा.

मग लेकीचं बाळंतपण आलं. वहिनी लेकीकडे गेली, आणि दादाने एका कामाला कुणालातरी शिडी धरायला उभं केलं. त्या माणसाचा फोन वाजला. त्याने एका हाताने फोन घेतला, मग दुसऱ्या हाताने काहीतरी लिहून घेतलं. शिडी सरकली. दादाच्या खुब्याचं हाड मोडलं, आत धातूची पट्टी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, पण शिडीचं नाव काढू नका.

वहिनी परत आली.  घरामागे गेली, शिडी भिंतीला आडवी टांगली, साखळी घालून पाइपाला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या बटव्यात ठेवली.

दादा म्हणाला, "सायकल आहे का ती, चोरीला जायला?"

"चोर घरातलाच आहे," वहिनी म्हणाली.

घरी बसलेला दादा म्हणजे काय सांगायचं! पलंगावर पडून छताकडे बघायचा आणि आमच्याच छताला नावं ठेवायचा. कोण आलं की त्याला भेगा दाखवायचा. वहिनीने हात टेकले. तेव्हा जावई एक खोका घेऊन आला. खोक्यात ड्रोन. चार पाती, चार पाय, पोटाखाली कॅमेरा. वहिनीने चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "हा काय, पंखा उलटा पडलाय?"

जावई हसला. म्हणाला, "बाबा, आता तुम्ही खाली राहायचं, हे वर जाईल. फोटो काढून आणेल."

मैदानावर नेऊन त्याने ते उडवलं तर असं गुणगुणायला लागलं की वहिनीने कानाजवळ हातच झटकला. "माशी आहे ही," म्हणाली. झालं, तेच नाव पडलं. जावयाची माशी.

दादा शिकला. परवान्याची परीक्षा होती, तीही दिली, सगळं रीतसर केलं. आणि काय सांगू, धंदा पहिल्यापेक्षा वाढला. पूर्वी गिऱ्हाईकाला दादाच्या तोंडावर विश्वास ठेवावा लागायचा, आता त्याला स्वतःचं छत हातातल्या स्क्रीनवर दिसायचं. भेग दिसायची, तुंबलेली पन्हळ दिसायची, उचकटलेला पत्रा दिसायचा. आणखीही बरंच दिसायचं. एका बाईंच्या छतावर एकच पुरुषी बूट निघाला. त्या म्हणाल्या, "हा आमचा नाही." नवरा म्हणाला, "माझाच आहे, तूच फेकला होतास." दादाने पटकन माशी पुढे नेली. घरं विकणारेसुद्धा यायला लागले, वरून व्हिडिओ काढून द्या म्हणून. गोदामवाले आले, विम्यावाले आले. दादा तरण्यासारखा शिट्टी वाजवत बाहेर पडायचा.

आणि वहिनी?

पहिल्या दोनतीन कामांना ती गेली. सवयीने भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मागे बांधले, पुढे घेतले, शेवटी पिशवी धरून उभी राहिली. दादा लांब मोकळ्या जागेत, मान खाली, डोळे स्क्रीनमध्ये. शेजारीण भेटली तर म्हणते कशी, "काय हो, आता तुम्ही रिटायर! मजा आहे!" वहिनी हसली. चौथ्या कामाला म्हणाली, "तुम्हीच जा, मला कपडे धुवायचेत." त्यानंतर गेलीच नाही.

दादाच्या ते ध्यानातही आलं नाही. माणूस वाईट नव्हता, नव्या नादात होता. संध्याकाळी घरी येऊन फोटो दाखवायचा आणि वहिनी "छान, छान" म्हणत बॅटऱ्या चार्जिंगला लावायची. सगळी कपाटं तिने आवरली. मग आवरलेली कपाटं परत आवरली. लेकीला फोनवर म्हणाली, "अगं, घरात करमत नाही मला. इतकी वर्षं उन्हात उभी राहिले, तेव्हा कधी दमले नाही. आता बसून बसून दमायला होतं. मी आता कुणाला लागत नाही गं."

लेक म्हणाली, "बाबांना सांग की."

"काय सांगू? मला परत शिडीशी उभं करा म्हणून? त्यांनी चढावं असं थोडंच वाटतं मला!"

हे असं चाललं होतं, आणि एक दिवस दुपारी दादाचा फोन आला. तो एका बेकरीत गेला होता. मोठी बेकरी, मागे मैदा ठेवायची खोली, तिचं छत गळत होतं.

"अगं, ती किल्ली कुठंय?" दादाने अगदी सहज विचारलं.

"कुठली?"

"ती गं. शिडीची."

वहिनी खुर्चीवरून उठलीच. "काय झालं?"

"काही नाही. माशी जरा वर अडकलीय. एका मजल्याचं तर छत आहे. मी टेम्पो पाठवलाय, शिडी देऊन टाक."

"देते," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

टेम्पो आला. वहिनीने कुलूप काढलं, ड्रायव्हरच्या मदतीने शिडी चढवली, आणि मग ड्रायव्हर बघत असतानाच स्वतःही मागे चढून शिडीशेजारी बसली. बेकरीच्या फाटकाशी मालक उभा होता. "बाई, तुम्ही कोण?"

"मी शिडीबरोबर आलेय," म्हणाली आणि सरळ आत गेली.

मागच्या अंगणात दादा भिंतीपाशी उभा होता आणि वरून बारीक चिंऽ चिंऽ आवाज येत होता. माशी जिवंत होती. बेकरीच्या धुराड्याला चारी बाजूंनी ताणलेल्या बारीक तारा होत्या, त्यातल्या एकीला धडकून ती छतावर पडली होती. शिडी लागली तसा दादाने पायातले बूट काढले.

"बूट घाला," वहिनी म्हणाली.

"अगं, पाचच मिनिटं."

"त्या पाच मिनिटांसाठी पट्टी घातली का खुब्यात?"

"मग काय कावळ्यांना सांगू, आणून द्या म्हणून? धंदा आहे तो आपला! हे मालक त्यांची माणसं चढवायला तयार नाहीत."

मालक म्हणाला, "नाही बुवा. पडलं बिडलं कोणी तर मी काय तोंड दाखवू."

वहिनीने चपला काढल्या. भिंतीपाशी नीट जोडून ठेवल्या. दादाला वाटलं ती शिडी धरायला येतेय, म्हणून तो चढायला पुढे झाला. तिने त्याला हाताने बाजूला केलं, पिशवी गळ्यात अडकवली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"अगं ए! काय करतेस?"

"डॉक्टरांनी तुम्हाला नको सांगितलंय. मला कुठे काय सांगितलंय? धरा शिडी."

उभ्या आयुष्यात वहिनी कधी शिडी चढली नव्हती, आणि उभ्या आयुष्यात दादाने कधी धरली नव्हती. तो एका हाताने शिडीला टेकून उभा राहिला, जसा माणूस पानाच्या टपरीला टेकतो. तिसऱ्या पायरीवरून वहिनी कडाडली, "अहो, नुसता हात काय लावताय, फोटो काढायचाय का! दोन्ही हात! पाय लावा खालच्या पायरीला! दाबा!"

"दाबलाय गं!"

"दाबलाय तर हलतेय कशी? आणि मालकाकडे काय बघताय, माझ्या टाचांकडे बघा!"

बेकरीतले कामगार पीठ लागल्या हातांनी बाहेर येऊन उभे राहिले. कुणाची हसायची छाती होईना. वहिनी एकेक पायरी करत चढली, कठड्याला हात घातला, पोटावर ओणवी झाली, आणि दिसेनाशी झाली.

 थोड्या वेळाने चिंऽ चिंऽ बंद झालं. माशी रोज तीच चार्ज करायची, बटण कुठलं ते तिला ठाऊक होतं.

"सापडली का गं?" दादाने खालून विचारलं.

"सापडली. पाय वर करून पडलीय. एक पातं मोडलंय."

"मग उतर."

वर पावलं वाजली, पण कठड्याकडे नाही, पलीकडे.

"अगं, उतर ना! चक्कर आली का?"

वरून वहिनीचा आवाज आला, पण तो खाली बोलल्यासारखा नव्हता. "अहो, मी तुम्हाला रोज विचारायची, वर काय होतं. तुम्ही म्हणायचा, काही नाही, पत्रे."

"मग पत्रेच असतात की!"

"इथे केवढं सगळं आहे! त्या पलीकडच्या छतावर कुणीतरी खुर्ची टाकून वाचत बसलंय. एक मांजर तीन घरं ओलांडून गेली, कुणाला पत्ता नाही. वाळत घातलेल्या चादरी दिसतायत त्या टोकापर्यंत. इतकी वर्षं तुम्ही हे बघत होता आणि मला म्हणायचा, काही नाही?"

दादाचे दोन्ही हात शिडीला, पाय पायरीवर, मान वर.

मग ती कठड्यापाशी आली. माशी पिशवीत घातली होती. तिने धुराड्याकडे बोट केलं. "ही तार दिसली नाही तुम्हाला?"

"केसासारखी तार ती, स्क्रीनवर कशी दिसेल? मी स्क्रीन बघत होतो."

"आणि आभाळाकडे कोण बघत होतं?"

दादाने मान वर करून तारेकडे बघितलं.  मग दादा हळूच म्हणाला, "कोणीच नाही."

"उद्यापासून मी बघणार," वहिनी म्हणाली. "धरा नीट, उतरतेय."

दादाने ती उतरेपर्यंत श्वास सोडला नाही, असं तोच सांगतो. खाली आल्यावर तिला म्हणाला, "येशील ना खरंच? मी आपला समजत होतो, तुला आता आराम हवाय."

"विचारलंत कधी?"

ते पातं बदललं आणि दुसऱ्या दिवसापासून दोघं परत जोडीने निघायला लागली. दादा स्क्रीन बघायचा, वहिनी माशी बघायची. आभाळात ती जिथे जाईल तिथे वहिनीची नजर. तार दिसली की "तार!", घार आली की "घार! खाली घ्या!", झाडाचा शेंडा हलला की "वारा सुटला!" दादा वाद न घालता माशी खाली आणायचा, घार खरंच झेप घेणारी निघो की नुसती फिरणारी. गंमत म्हणजे वहिनी वर बघत उभी राहिली की येणारेजाणारे सगळे थांबून वर बघायचे. एकदा तर एका गल्लीत पंधरावीस माणसं माना वर करून उभी, आणि माशी अजून खोक्यातच. वहिनी नुसती हवा बघत होती.

जावयाने दादासाठी कार्डं छापून आणली, त्यावर दादाचं एकट्याचं नाव. दादाने ती परत पाठवली आणि दोघांची नावं घालून आणवली. वहिनी कार्डं सगळ्यांना वाटायची, भाजीवालीला पण.

पुढची वर्षं बरी गेली त्यांची. भांडायची, रस्त्यात भांडायची, मान दुखते म्हणून वहिनी रात्री दादाकडून तेल चोळून घ्यायची. "तुम्ही मला आभाळात अडकवलंत," म्हणायची.

ती गेली ती तापाने. इतकं साधं दुखणं, आम्हाला वाटलं चार दिवसांत उठेल. शेवटच्या आठवड्यात दादा कुठल्याच कामाला गेला नाही, आणि ती त्याच्यावर चिडली. "गोदामवाल्याला शब्द दिलाय ना? जा की. कुणालातरी उभं करा वर बघायला." दादा म्हणाला, "कुणालातरी उभं करून एकदा पाहिलंय मी." त्यावर ती हसली आणि मग तिला खोकला आला.

तिचे दिवस झाल्यावर सगळे म्हणाले, दादा, आता बस कर. माशी विकून टाक, जावई दुसरं काही बघून देईल.  मग त्या बेकरीवाल्याचाच फोन आला. छत परत गळतंय, मैदा भिजतोय. दादाने बॅटऱ्या चार्ज केल्या. कपडे घालून दारात बसून राहिला. एकट्याने जायचं नाही, हे त्याचं ठरलेलं होतं आणि बरोबर कोण ते ठरत नव्हतं.

शेवटी लेक आली, सुट्टी टाकून. तिला यातलं काही येत नाही, ऑफिसात बसणारी मुलगी ती. पण म्हणाली, "चला बाबा, मी उभी राहते."

त्याच अंगणात माशी वर गेली. दादा स्क्रीनमध्ये बघत होता. थोड्या वेळाने त्याने डोळे न उचलताच म्हटलं, "माझ्याकडे काय बघतेस? वर बघ."

"बघतेय."

"नाही बघत. मला कळतं."

लेकीने डोळे पुसले आणि वर बघितलं. उन्हाची तिरीप आली, तिने कपाळावर हात धरला. मग जरा वेळाने हळूच विचारलं, "बाबा, ते तिकडे मोठं काळं फिरतंय, ती घार असते का?"

दादाने माशी झटक्यात खाली घेतली. ती अंगणात टेकल्यावर लेकीकडे वळला. "अगं, विचारायचं नसतं, ओरडायचं असतं. उद्या शेजारचं गोदाम आहे, तिथे दोन घारी असतात. मोठ्याने ओरड. गल्लीतले लोक दचकले तरी चालतील."

"उद्या पण यायचं?" लेक म्हणाली.

"सुट्टी किती दिवसांची आहे तुझी?" दादाने विचारलं आणि बॅटरी बदलायला खाली बसला.