नारळ उभा राहिला तेव्हा मी हसलो

वर्षातून चार वेळा विहिरीत नाहीतर बोअरमध्ये टेप सोडायचा, पाणी किती खाली गेलं ते पाहायचं आणि रजिस्टरात उतरवायचं, यात माझी हयात गेली. भूजलाच्या खात्यातली नोकरी. माझ्यासारख्या भिडस्त माणसाला ती मानवली, कारण पाण्याशी हुज्जत घालावी लागत नाही. लिंबागणेशच्या पुढे आत वळलं की एक लहानसं गाव लागतं. तिथे मी एकदा हसलो होतो. ते हसणं आता मला छळतं.

त्या गावाला बोअर हवा होता म्हणून मी जागा शोधायला गेलो होतो. चार लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या, तारा जोडून वीज सोडायची आणि यंत्रावरचे आकडे लिहून घ्यायचे, असं ते काम. घण मारायला ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस होता. मोटार चालू-बंद करणं आणि कॉक फिरवणं हे त्याचं काम, त्यामुळे अख्ख्या गावाच्या शिव्या त्यालाच. समोरच्या घरातली म्हातारी दारात बसून बघत होती. तिचा मुलगा-सून दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि ती घर राखायची. "या तारंत पानी दिसतंय व्हय साहेब?" तिने विचारलं आणि गुळाचा कोरा चहा आणून दिला. उन्हात दिवसभर राबून संध्याकाळी मी एका ठिकाणी चुन्याची फुली मारली.

दुसऱ्या दिवशी बोअरच्या गाडीआधी भाऊंची जीप आली. भाऊ तेव्हा कुणी मोठे नव्हते; एक निवडणूक हरलेले होते, इतकंच. त्यांच्या माणसांनी जाहीर केलं की भाऊ पायाळू आहेत. पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं पाणी कळतं, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भाऊंनी तळहातावर नारळ आडवा ठेवला, डोळे मिटले आणि ते रानातून चालू लागले. दोन चकरा उगाच मारल्या. मग माझ्या फुलीवर त्यांची चप्पल आली आणि नारळ टुणकन उभा राहिला. चुना चपलेखाली गेला. बायकांनी हात जोडले.

मी हसलो. पाणी सोडणाऱ्याने मला डोळा मारला. दुपारी पाणी लागलं, पेढे वाटले गेले, मीही दोन खाल्ले. जाताना भाऊ जवळ आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, तुमचे आकडे बरोबर हायत, मला काय कळत न्हाई का? पण आकड्याच्या मागं लोक येत न्हाईत. लोकाला माणूस लागतो." माणूस हुशार आहे, असं मला वाटलं. ऑफिसात ही गोष्ट मी चवीने, नारळाची नक्कल करून सांगत असे. लोक पोट धरून हसायचे.

गोष्ट मात्र माझ्याकडे थांबली नाही. पुढच्या खेपेला बोअरचं पाणी मोजायला गेलो तेव्हा ऐकलं की भाऊंच्या अंगावर वीज पडली होती आणि ते उठून चालू लागले. त्याच्या पुढच्या खेपेला, त्यांच्या आईला कपिलधारला दृष्टांत झाला होता. चौसाळ्याच्या चौकात फ्लेक्स लागला, तळहात, उभा नारळ आणि मागे पाण्याचं कारंजं. भाऊ निवडून आले. म्हातारीच्या घरात देवाच्या फोटोशेजारी भाऊंचा फोटो लागला. "आजी, फुली कुणी मारलती?" मी चेष्टेने विचारलं. "तुमीच मारली की," ती म्हणाली, "पन तुमाला बुद्दी कुनी दिली?" पाणी सोडणारा आता डोळा मारत नव्हता. इकडेतिकडे बघत टेपचं टोक धरायचा.

बोअरचं पाणी दर खेपेला खाली जात होतं. आजूबाजूला उसासाठी नवे बोअर पडले होते, त्यातले बरेचसे भाऊंच्याच माणसांचे. मी आकडे लिहीत गेलो, वर पाठवत गेलो, पण गावात कुणापाशी तोंड उघडलं नाही. एका एप्रिलमध्ये ऊसतोडीची माणसं गावी परतली आणि त्याच आठवड्यात बोअरने हवा ओकली.

आता भाऊंची पंचाईत झाली असेल, असं मला वाटलं. मी किती भोळा! त्यांचं बोलणं मोबाइलवरून मोबाइलवर फिरत माझ्यापर्यंत आलं. "माझं पानी आटत नसतं. पानी पळवलंय. मोजायच्या नावाखाली बोअरमदी कोन काय सोडतंय ते इचारा. अन् आपल्यातलाच कोन त्यांना कुलूप काडून देतोय, ते बी इचारा." मोटारीच्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे होती.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "साहेब, माज्या बायकूचं दळन गिरनीवाला घेईना. काल दारात धा-पंधरा जन आलते, म्हनले, बोल बे, किती घेतले? आज भाऊ येनार हायत, बैठक हाय. मला हानत्यात साहेब. तुमी या. रजिष्टर घेऊन या."

मी निघालो. वाटेत दोनदा वाटलं, गाडी वळवावी, तब्येतीचं कारण सांगावं.

बोअरपाशी गाव जमलं होतं. भाऊ खुर्चीत, आणि पाणी सोडणारा समोर मातीत उकिडवा, शर्टाची बाही फाटलेली. मी रजिस्टर उघडलं आणि वाचायला लागलो. चार-पाच आकडे होतात न होतात तोच मागून कुणीतरी ओरडलं, "हे कशापायी सांगता?" तेव्हा, जे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं ते मी सांगितलं. "ही जागा भाऊंनी शोधलेली नाही. ती मी शोधली. नारळ ठेवायच्या आधी इथे माझी चुन्याची फुली होती. या माणसाने घण मारला, या आजींनी पाहिलंय. यात चमत्कार नव्हता, म्हणून चोरीही नाही. याला सोडा."

भाऊ माझ्याकडे बघत होते, चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. मला वाटलं, पटलं.

मग ऊसतोडीवरून आलेला एक माणूस शांतपणे म्हणाला, "म्हंजी तुमीच दिलतं, अन् तुमीच नेलं."

गर्दीची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. भाऊंना काही बोलावंच लागलं नाही. पाणी सोडणारा उठला, अंगावरची माती झटकली आणि गर्दीत जाऊन उभा राहिला. तिथून तोही माझ्याकडे तसाच बघू लागला. तो वाचला होता. मी त्यासाठीच आलो होतो, तरी मला त्याचा संताप आला.

आता मार बसणार, म्हणून मी रजिस्टर छातीशी धरलं. पण पुढे आली ती म्हातारी. ती वाकली आणि तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "साहेब, माज्या हातचा च्या पिलाव तुमी. काय चुकलं आसंल तर पदरात घ्या. पन पानी माघारी द्या." तिच्यामागून आणखी दोघी वाकल्या.

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. जन्मभर आकडे लिहिले, कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं. आज अख्खं गाव श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होतं, आणि "देतो" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला. पण गिळायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा लागायला नको होता. खुर्चीतले भाऊ तेवढ्या वेळात माझ्याकडे बघून ओळखीचं हसले.