खाजामियाँचा क्लच

आधीच सांगते, मला ह्या दोन म्हाताऱ्यांचं कौतुक करायचं न्हाई. डोकं फिरवलंय माझं त्यांनी. पर सांगितल्याबिगर ऱ्हावत बी न्हाई.

एक म्हातारा म्हंजे माझा नवरा, मोहनराव. एसटीत कंडक्टर व्हते. दुसरे खाजामियाँ, एसटीत डायव्हर. एकवीस वर्षं दोघं एकाच गाडीवर, बीड-परळी. लग्न माझ्यासंग झालं, पर संसार मोहनरावांनी खाजामियाँसंगच केला म्हणा. डबा एकात एक, तंबाखूची डबी एक, आन भांडण रोजचं. एवढ्या वर्षांत खाजामियाँनी गाडीला साधं खरचटू दिलं न्हाई. बिगर अपघात गाडी चालवली म्हणून एसटीनं त्यांना बिल्ला दिला. तो अजमतबीनं, म्हंजे त्यांच्या बायकोनं, फ्रेम करून भिंतीला लावलाय. त्यांच्या घरी पाव्हण्याला आधी बिल्ला दाखवतात, मग पाणी देतात.

दोघं एकाच साली रिटायर झाले आन आमच्या दोघींच्या नशिबाला आले. मोहनराव पहाटं पाचला उठून, आंघोळ करून, पावडर लावून तयार. जायचं कुठं? कुठंच न्हाई. वडवणीत स्टँडच्या मागं माझं शिवणकामाचं दुकान हाय, आठ बाय दहाचं. तिथं यून बसायचे आन माझ्या गिऱ्हाइकांना म्हणायचे, "चला, आत सरका, आत जागा हाय." आत भिंत हाय हो! एका बाईनं ब्लाउज माघारी नेला. तिकडं खाजामियाँ पलंगावर बसून भिंतीकडं बघायचे. अजमतबी म्हणायची, "सामने की गाडी कब साइड देती, देखते बैठे."

अशात आमच्या लेकीच्या, सायलीच्या नवऱ्यानं, पुण्याच्या अभिमन्यूनं, नवी गाडी घेतली आन जुनी आमच्या दारात आणून लावली. जुनी कसली, महालच! पांढरी, लांबलचक. आत बसलं की माणूस गादीत बुडतो. मागच्या सीटवर माझी एक गिऱ्हाईण बसली, तर तिला मी आन अजमतबीनं वढून काढली. आवाज म्हणून न्हाई. चालू हाय का बंद, हे बघायला मोहनराव बॉनेटवर हात ठिवायचे, तापल्या लेकराच्या कपाळावर ठिवावा तसा.

आता गंमत बघा. मोहनरावांना गाडी येती का? न्हाई! मशीनमधलं त्यांना काडीचं कळत न्हाई. गाडीत त्यांना एकच माहिती, घंटी. ते तसेच पळत खाजामियाँकडं गेले. "चल बे, ड्युटी लागली."

आठ दिवस नुसती धामधूम. मी सीटांना पांढऱ्या खोळी शिवल्या, निळी झालर लावून. खाजामियाँनी काचेपुढं त्यांचं जुनं पानाचं ताट चिकटवलं, पान-सुपारी ठिवायला. मोहनरावांनी मागच्या काचेपास्नं पुढपर्यंत छताला दोरी बांधली आन टोकाला पितळी घंटी. दोन टोल म्हंजे चला, एक म्हंजे थांबा. मी म्हणलं, "अहो, शेजारी तर बसताय, तोंडानं सांगा की." तर दोघं माझ्याकडं असे बघाय लागले, जणू मी देवाला शिवी दिली. मग लाकडाची पाटी केली, 'वडवणी-बीड', आन तीबी काचेत लावली. तिसऱ्याच दिवशी एक म्हातारी हात करून आत चढली, गादीवर मांडी घालून बसली, आन म्हणली, बायांना अर्धं तिकीट हाय, मला नियम माहिती हाय. बीडपर्यंत नेली तिला. उतरताना म्हणली, एसटी सुधारली बाई.

सगळं झाक व्हतं, पर खाजामियाँच्या डाव्या पायानं घात केला. ही गाडी ऑटोमॅटिक. हिला क्लचच न्हाई. एक रेस, एक ब्रेक, बास. आन ह्यांचा डावा पाय चाळीस वर्षं क्लच दाबत आलेला. समोर गाय दिसली, खड्डा आला, वळण आलं, की डावा पाय आपला वर, आन धाडदिशी खाली. खाली काय? तव्याएवढा रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबायची आन आमी सगळे काचेकडं निघायचो. माझं नाक दोनदा मोहनरावांच्या टाळूवर आपटलं. मी म्हणलं, "खाजाभाई, काय करायलाव?" ते म्हणले, "भाभी, पाँव मेरा नहीं सुनता."

मग एका बाजाराच्या दिवशी नको तेच झालं. बाजारपेठेच्या तोंडाला, एवढ्या गर्दीत, पाय खाली आला. गाडी थांबली, आन मागून येणारा दूधवाला मोटारसायकलसगट आमच्या डिकीवर. लागलं कुणालाच न्हाई, पर दोन कॅन दूध रस्त्यावर. गावातली सगळी कुत्री जेवायला आली. दूधवाला म्हणला, चूक माझी हाय चाचा, मीच लई चिकटून चाललतो. पर खाजामियाँ खाली उतरले, डिकीवरच्या पोचावरनं हात फिरवला, आन चावी मोहनरावांच्या हातात दिली. पायी घरी गेले. घरी जाऊन बिल्ला खाली उतरवला आन ट्रंकंत टाकला. म्हणले, स्टेरिंगला आता हात लावणार न्हाई.

बोलणं बंद, खाणं कमी. अजमतबी माझ्याकडं यून रडली. आन इकडं आमचं ध्यान! रोज सकाळी आंघोळ करून, पावडर लावून, दारात उभ्या गाडीत जाऊन बसायचं. पुढच्या डाव्या सीटवर, एकटं, दोन-दोन घंटे. मी खिडकीतून चहा द्यायची. एकदा म्हणलं, "घरात तर या." तर म्हणले, "डायव्हर आला न्हाई अजून." आधी मला हसू आलं. मग त्यांच्या तोंडाकडं बघितलं. हसणं जाग्यावरच थांबलं.

रात्री इचार केला. माझ्या शिलाई मशीनला पायंडल व्हतं, मग मी मोटार बसवली. मोटार बसली तरी माझे पाय हालायचेच, सुई भलतीकडं जायची. शेवटी मी पायंडल तसंच ठिवलं, नुसतं हालवायला. मशीन मोटारीवर, पाय पायंडलावर. शिलाई सरळ झाली. मग गाडीत बी असंच का व्हणार न्हाई?

सकाळी तौसीफच्या गॅरेजवर गेले. तौसीफ खाजामियाँचा भाचा, दोन लेकरांचा बाप, स्टँडसमोर त्याचं गॅरेज हाय. म्हणलं, "तुझ्या मामूला क्लच बसवून दे."

तो म्हणला, "चाची, ह्या गाडीला क्लच बसत न्हाई."

"जोडायचा कुणी सांगितलाय? नुसता बसव. ब्रेकच्या डाव्या अंगाला, बोटभर वर. पाय उचलला की आधी त्याच्यावर पडला पाहिजे."

तौसीफ आधी हसला, मग उठला. गेवराईच्या भंगारवाल्याकडून जुन्या जीपचा पेडल आणला, खाली स्प्रिंग टाकली, बोल्ट मारला. पुढच्या दोन सीटांच्या मधी कप ठिवायचं भोक व्हतं, त्याच्यात गेरचा दांडा उभा केला, वर काळा गोळा. कशालाच काही जोडलेलं न्हाई, पर दिसाय एकदम झकास. मोहनरावांना वाटलं खराच क्लच बसला. मी बी काही बोलले न्हाई.

खाजामियाँना मी हाताला धरून आणलं. सीटवर बसले, डावा पाय दाबला. सोडला. परत दाबला. तोंडावरचा घाम पुसला आन म्हणले, "तौसीफ, फ्री प्ले लई हाय, ढिला लागतो." तौसीफनं बिचाऱ्यानं गाडीखाली झोपून स्प्रिंग आवळली. खाजामियाँनी परत दाबला. "अब ठीक." मागून डबल बेल पडली, कारण मला मोहनरावांनी मागं दोरीपाशी बसवलं व्हतं. गाडी निघाली. बाजारात गाय आडवी आली. डावा पाय क्लचवर गेला, उजवा ब्रेकवर, आन गाडी लोण्यावाणी थांबली. कुणाचं नाक बी हाललं न्हाई. खाजामियाँ हसले. महिन्यानं हसले ते.

आता क्लचच्या तक्रारी सुरू! आज जड लागतो, काल घसरत व्हता, प्लेट गेली वाटतं. तौसीफ दर आठवड्याला उघडायचा, तेल टाकायचा, बंद करायचा. मी एकदा इचारलं, "खाजाभाईंना माहिती हाय का रं, तो जोडलेला न्हाई?" तो म्हणला, "चाची, मी इचारलं न्हाई. तुमी बी इचारू नका."

मग धर्मापुरीचं बोलावणं आलं. माझी थोरली बहीण जानकीबाई, तिच्या नातवाचं जावळ व्हतं. तेलगाव, सिरसाळा, परळी करत आमी अशा थाटात गेलो, की गावात शिरताना पोरांनी उठून रस्ता दिला. जेवायला पुरणपोळी. खाजामियाँ पुरणपोळीचे भक्त, चारच्या खाली थांबत न्हाईत.

जानकीबाईचे मालक भगवानराव मोठे जाणकार, सगळ्यातलं कळतं त्यांना. जेवता जेवता म्हणले, "मोहनराव, ही तर ऑटोमॅटिक गाडी. हिला कंपनी क्लच देतच न्हाई. कुण्या शहाण्यानं बसवला तो? काढून टाका. मग एक रेस, एक ब्रेक. हिला डायव्हर लागतच न्हाई, आठ दिवसांत तुमीच चालवताल."

मोहनरावांचे डोळेच चमकले. "खरं का काय? मग काढूच की! खाजा, शिकवतो का बे मला?"

खाजामियाँ म्हणले, "हां. शिकवतो की." आन दुसरी पोळी अर्धी ताटात ठिवून हात धुवाय उठले. मोहनराव आपले तूप वाढून घ्यायलेत! मला असा राग आला, वाटलं वाटीच डोक्यावर पालथी घालावी.

परतीला परळी सोडली आन पुढं एका वळणावर उसाची ट्रॉली आडवी. खाजामियाँनी डावा पाय सगळ्या ताकदीनं हाणला. कडाक्दिशी आवाज झाला. गाडी थांबली, पर सीटखालून काहीतरी घरंगळत मागं, माझ्या पायाशी आलं. बघते तर क्लच! बोल्टासगट.

मी वर बघितलं. आरशात खाजामियाँचे डोळे. त्यांनी हळूच मान हालवली, न्हाई म्हणून. मी क्लच उचलला आन पिशवीत, पुरणपोळीच्या डब्याखाली कोंबला.

"काय वाजलं बे?" मोहनरावांनी इचारलं.

"गेर. अटकला व्हता."

आन मग वडवणीपर्यंत त्या माणसानं जे केलं, ते मी जलमात इसरणार न्हाई. खाली क्लच न्हाई, नुसतं मॅट. तरी डावा पाय दर वळणाला खाली दाबायलेत, कण्हायलेत, भोकातला दांडा वढायलेत. चढ आला की दातओठ खायलेत. "दुसऱ्यात घ्यावी लागती हिला. लई जड. बघ, घामच आला." खरंच घाम आलता हो त्यांना, एसी चालू असून.

मोहनराव टक लावून बघत व्हते. शेवटी म्हणले, "न्हाई बे. भगवानरावला काय कळतं? हे आपल्याच्यानं व्हणार न्हाई. तूच चालव." आन निवांत झोपले, घोरायला लागले.

दारात गाडी लागली. मोहनराव आत गेले. खाजामियाँ चावी द्यायला थांबले, पर चावी हातातच.

मी म्हणलं, "खाजाभाई, क्लचबिगर आलाव तुमी. एक धक्का बसला न्हाई. येती की तुमाला."

ते म्हणले, "दो महिने से आती, भाभी. पाय कवाच शिकला." मग खाली बघत म्हणले, "पर क्लच न्हाई म्हणल्यावर मोहन्याला बी येती. मग सकाळी मला बोलवायला कोण येणार?"

माझ्या डोळ्यात पाणीच आलं. एवढा मोठा माणूस, आन भ्या कशाचं, तर दारावर कुणी हाक मारणार न्हाई ह्याचं. मी त्यांच्या हातातनं चावी घेतली आन आत गेले.

दुसऱ्या दिवशी, मोहनरावांची पावडर लावून व्हायच्या आत, गाडीची चावी आन पिशवी घेऊन मी गॅरेजवर. तौसीफ शटर वर करत व्हता. त्याच्या हातात क्लच दिला.

तो म्हणला, "चाची, मामूला आता बिगर क्लचची येती. मला माहिती हाय. कशाला बसवू?"

मी म्हणलं, "तू बसव. वेल्डिंग करून पक्का बसव. आन स्प्रिंग अशी जड टाक, की मोहनरावांनी दाबून बघितला तर तीन दिवस पाय चोळत बसले पाहिजेत."