शेवटची ओळ

ताईच्या दिरांइतका, म्हणजे भाऊंइतका, चिवट तक्रारखोर अख्ख्या खान्देशात झाला नाही, आणि मी मोर्चे काढणारा माणूस आहे, मला तक्रारखोर कळतात. पाचोऱ्यात त्यांचा कॉम्प्युटर क्लास. सगळं गाव विंडोजवर, भाऊ मात्र लिनक्सवर, कारण ते फुकट आणि सगळ्यांच्या मालकीचं. इथवर मला मान्य! पण ते बनवणारी परदेशातली मंडळी दर काही महिन्यांनी घाईघाईने नवी आवृत्ती काढत, आणि भाऊंच्या प्रिंटरवर पानाची शेवटची ओळ गायब व्हायची ती व्हायचीच. नवी सीडी आली की भाऊ एक पान छापून बघत आणि कपाळाला हात लावत, "बठ्ठं कच्चं शे!" सगळंच कच्चं. मग जळगावच्या सायबर कॅफेत जाऊन त्या मंडळींना तक्रारीची ई-मेल. उत्तर कधीच नाही. नव्या मालाचा त्यांनी इतका धसका घेतलेला, की भाच्याच्या सोयरिकीत मुलीच्या बापाला म्हणाले, "पोरगा चांगला शे, पण आत्ताच नोकरीला लागला. दोष बाहेर येऊ द्या, पावसाळाभर थांबा." बाप कायमचाच थांबला. भाच्याची आई, भाऊंची बहीण, महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

खरी शेवटची ओळ गायब होऊ नये म्हणून भाऊ प्रत्येक पानाच्या तळाशी एक जादा ओळ टाकत, कावळ्याला घास ठेवावा तशी: "कच्चा माल पाठवणाऱ्यांनो, लाज धरा!" यंत्र ती निमूट गिळायचं.

पाणीटंचाईच्या मोर्चाचं पत्रक मी त्यांच्याकडेच छापलं. त्याच सकाळी त्यांनी नवी आवृत्ती चढवली होती. "आधी तपासू दे," म्हणाले. "भाऊ, मोर्चा उद्या आहे!" मी ओरडलो. बाजारात पत्रकं वाटली आणि केळीच्या एका व्यापाऱ्याने माझी कॉलरच धरली. "केळी कच्चीच कापतात रे! ट्रकमध्ये पिकतात. लाज कसली धरू?"

मी तणतणत क्लासवर गेलो, पत्रक टेबलावर आपटलं. भाऊंनी तळाची ओळ वाचली. परत वाचली.

"ओळ छपाई गई? म्हणजे दुरुस्त कयं त्यास्नी!"

नव्या आवृत्तीत काय काय बदललं, ते सांगणारं सीडीवरचं निवेदन त्यांनी पडद्यावर उघडलं. प्रिंटरची दुरुस्ती त्यात होती, पाचोऱ्याहून कुणी इतकी वर्षं बोंबलत होतं, हे नव्हतं. माझं डोकं फिरलं. "निषेध करू, भाऊ!"

"नको रे. फुकट राबतात बिचारे. तुझ्यासारखेच."

मोर्चा झाल्यावर ते जळगावला गेले, मीही गेलो. त्यांनी एवढंच लिहिलं, की ओळ आता नीट येते, आभारी आहे. कॅफेवाला हसून म्हणाला, "आज काय बिघडलं, भाऊ?"

"काही नाही," भाऊ म्हणाले, आणि बराच वेळ खुर्चीवरून उठलेच नाहीत.